पिठातलं लाटणं

लाटणं खिळ्याला टांगलेलं होतं. एवढंच. घरात चोर शिरला नव्हता, कुणी पडलं-झडलं नव्हतं, सुरतेतल्या गोडादऱ्याच्या गल्लीत संध्याकाळचा नेहमीचा गलका चालू होता. गोपाल दुकानातून आला, चपला काढल्या, पाणी प्यायला ओट्याकडे वळला, आणि गॅसच्या वर, हात लांबवला की येईल अशा उंचीवर, साडीच्या काठाची चिंधी बांधून टांगलेलं ते लाटणं त्याला दिसलं. एकतीस वर्षांचा, मिशा राखलेला, चार महिन्यांपूर्वी लग्न झालेला बाप्या. पण भरलेला पेला त्यानं न पिता तसाच खाली ठेवला. आता लाटणं म्हणजे काय वाघ आहे? पण जीव घाबरला की तो कारण विचारत बसत नाही. कानामागे घाम सुटला, मानेवरचे केस उभे राहिले, आणि आपण ह्या घरात फार लहान आहोत, ओट्यापेक्षाही लहान, असं त्याला एकदम वाटलं. वर्षा पाठमोरी बसून डबे घासत होती. रविवारी कानबाईचे रोट, खानदेशातल्या देवीच्या सणाचा नैवेद्य, नव्या सुनेचे पहिलेच, म्हणून तिनं सगळी मांडणी रिकामी केली होती. "पाहिलं का?" ती मागे न बघता म्हणाली, "पिठाच्या डब्यात लोळत होतं बिचारं. रोज पिठात हात घालून शोधायचं, म्हणजे काय खाण आहे का ती? आता कसं, डोळ्यांसमोर." गोपाल म्हणाला, "हं." ती मोरीत गेली तेव्हा त्यानं लाटणं हळूच काढलं, नव्या लख्ख डब्यात पीठ भरलेलं होतं त्यात खुपसलं, वर पीठ सारखं केलं आणि झाकण लावलं. मग त्याला पाणी प्यायला सुचलं.

आमच्याकडे लाटणं पिठात ठेवतात. कुणी विचारलं असतं तर गोपालनं हेच सांगितलं असतं, आणि खोटं बोलतोय असं त्याला वाटलंही नसतं. प्रत्येक घराची काहीतरी रीत असते. कुणी शनिवारी तेल आणत नाही, कुणाच्या कुळात भोपळा बायका कापत नाहीत, तसं यांच्याकडे लाटणं पिठात. त्याची थोरली बहीण सुषमा कडोदऱ्याला दिली, तर ती रीत ती सासरी घेऊन गेली. सासूनं विचारलं, हे काय गं? ती म्हणाली, आमच्या माहेरची पद्धत आहे, लाटणं उघडं ठेवत नाहीत. खानदेशी माणूस देवाधर्माच्या बाबतीत वाद घालत नाही, कोण जाणे कुठला देव कशानं कोपेल! सासूनं मान हलवली, जावेनं उचलली, आणि आता कडोदऱ्यात त्या अख्ख्या घराची लाटणी पिठात झोपतात. वर्षानंही लग्न झाल्यावर फोनवर आपल्या आईला शिरपूरला मोठ्या कौतुकानं ही रीत सांगितली होती. पण कौतुक चार महिने टिकलं. वर्षाला कुठलीही गोष्ट का, हे कळल्याशिवाय करवत नाही. रोटाचे गहू मोजताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ घ्यायचे, तर ती सासूला विचारती झाली, "आत्याबाई, आणि खाणाऱ्या बायकांचे गहू कुठे?" सरलाबाई हसल्या. वाकड्या मनगटाचा हात तोंडावर धरून त्या नेहमीच तशा आवाज न करता हसत.

शुक्रवारी गोपाल घरी आला तर लाटणं पुन्हा खिळ्यावर. त्यानं पुन्हा पिठात घातलं. शनिवारी सकाळी उठला तर पुन्हा खिळ्यावर, आणि चिंधीला या वेळी दोन गाठी. दोघं एकमेकांशी त्याबद्दल चकार शब्द बोलत नव्हते, पण लाटण्याची ये-जा चालू होती. शेवटी वर्षाच्यानं राहवेना. ती ओट्याला टेकून उभी राहिली, आवाज चढला. तिच्या शिरपूरच्या माहेरी आवाज चढवणं म्हणजे वरणाला फोडणी देण्यासारखं रोजचं. "मी विचारते, काय आहे काय हे? तोंडानं सांगाल की नाही? रीत आहे तर कुणाची? देवाची, पितरांची, कुणाची?" आणि झालं, गोपालचे पाय दाराशी गेले, चपला आपसूक पायांत शिरल्या. मागून तिचा आवाज आला, "निघाले! बघा आत्याबाई, निघाले तुमचे चिरंजीव! अहो, बायको भांडतेय, भूकंप नाही झालेला!" तो कोपऱ्यावर पोचेपर्यंत तिचं शेवटचं वाक्यही त्याला ऐकू आलं. ते काही रागानं म्हटलेलं नव्हतं, थकून म्हटलेलं होतं, म्हणून जास्त लागलं: "रोट झाले की मी माहेरी जाते. तिथं भांडायला तरी माणूस मिळेल. आणि परत येईन असं धरून चालू नका."

पर्वत पाटियाच्या चौकात एका लोच्याच्या गाडीशी तो उभा राहिला. वाफाळलेला लोचो, हरभऱ्याच्या डाळीचा सुरती नाश्ता, वर तेल, शेव, कांदा. हातात प्लेट धरून त्यानं एक घासही घेतला नाही. दुकानाला दांडी पडणार होती. दुकानात सगळे म्हणत, "गोपालभाईने गुस्सो ज नथी आवतो." गिऱ्हाइकानं पन्नास साड्या उलगडायला लावल्या आणि एकही न घेता उठलं, तरी गोपालभाई हसून पन्नास घड्या घालणार. शेठ नव्या पोरांना त्याचा दाखला देई. पण गोपालला राग येत नव्हता असं कुठं होतं? राग आला की तो हातांवर बसायचा. खरंच बसायचा, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून, पूर्ण भार टाकून. वर्षानं लग्नानंतर पंधरा दिवसांतच ते हेरलं होतं. "तुम्ही हातावर का बसता हो? थंडी वाजते?" सुरतेच्या वैशाखात! तेव्हा ते दोघं किती हसले होते. ती हसताना त्याच्या दंडावर चापट मारायची, आणि दर वेळी त्याचं अंग क्षणभर आखडायचं, आणि ती चापट कुठं बसली तिथं नंतर बराच वेळ ऊब राहायची. ती घरात आल्यापासून घराला आवाज आला होता. ती भांड्यांशी बोलायची, कुकरला रागवायची, बहिऱ्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना, भजी देताना त्यांच्या कानाशी ओरडायची, "मामा! मिरचीचं आहे! बघून खा!" ती गेली तर? घर पुन्हा पूर्वीसारखं होईल. टीव्ही मोठा आणि माणसं मुकी. ह्या विचारानं त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. गाडीवाला म्हणाला, "तीखु लाग्यु, भाई?" तो म्हणाला, "हां."

टीव्ही मोठा. हो, तेव्हाही टीव्ही मोठा असायचा. तो आवाज मोठा करायचं काम सुषमाचं होतं. ती नऊ वर्षांची असेल, गोपाल पाच-सहाचा. गल्लीच्या तोंडाशी आबांची सायकल वाजली की सुषमा आधी टीव्हीचा आवाज वाढवी, मग गोपालला ओट्याखाली पिठाच्या डब्याच्या मागं सरकवी आणि स्वतः पुढे बसे, पुस्तक उघडून. रोज काही होत नसे. रोज झालं असतं तर कदाचित सोपं गेलं असतं. कधी होईल हे ठाऊक नसायचं. आबा कधी केळी घेऊन येत, कधी तोंडाला वास घेऊन. कधी दोन्ही घेऊन. गोपालला आठवत होता तो पत्र्याच्या डब्याचा गारवा, गालाला लागलेला. पिठाचा वास. सुषमाची पाठ, फ्रॉकचं तुटलेलं बटण. आणि बांगड्या. मायच्या बांगड्यांचा आवाज एकदम वाढायचा आणि मग एकदम थांबायचा. एका रात्री त्या थांबल्यावर काहीतरी वेगळाच आवाज झाला, वाळकी काटकी मोडावी तसा. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मालतीबाईंना मायनं सांगितलं, नळावर पाय घसरला. मालतीबाई म्हणाल्या, हो बाई, शेवाळ फार झालंय. भिंत एका विटेची होती, मालतीबाईंना सगळं ऐकू जात होतं. पण नळावर शेवाळ आहे असं सगळ्या गल्लीनं मिळून ठरवलं. मनगट वाकडंच जुळलं. तेव्हापासून मायच्या पोळ्या एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ होतात, आणि गोपालला दुसऱ्या कुणाच्या हातची गोल पोळी आजही परकी वाटते.

मग ते थांबलं. कधी, ते कुणाला सांगता येणार नाही. ऊन कधी उतरलं ते कळत नाही तसं. आबांनी घेणं सोडलं, की वय झालं, की कारखान्यातल्या लूमच्या खडखडाटानं कान गेले म्हणून भांडणच परवडेनासं झालं, देव जाणे. घरात त्यावर कुणी ब्र काढला नाही. आणि खरी पंचाईत पुढेच आहे: हिलाल आबा माणूस म्हणून गोड निघाले. गल्लीतली पोरं त्यांच्या अंगाखांद्यावर खेळतात. गोपालला त्यांनीच तापीवर गणपती दाखवायला खांद्यावर नेलं, कापडात एक धागा सुटला असेल तर तो बोटानं कसा ओळखायचा ते शिकवलं. गोपालचा बापावर जीव होता. ज्याच्यावर जीव आहे त्याच्यापासून ओट्याखाली लपलो होतो, हे दोन्ही एकाच डोक्यात ठेवायचं कुठं? त्यानं ते पिठात ठेवलं होतं. मायनं लाटणं लपवलं होतं, ते तिथंच राहिलं, त्याची रीत झाली, आणि रीत एकदा झाली की तिच्याकडे कुणी बघत नाही. आज हे त्याला भर चौकात, रिक्षांच्या हॉर्नमध्ये, हातात थंड लोचो धरून आठवलं. तो हातांकडे बघत राहिला. हे हात कुणाचे आहेत? आबांसारखीच लांब बोटं, तेच रुंद पंजे. तो ज्याच्यापासून पळत होता ते वर्षाचं ओरडणं नव्हतंच.

रविवार उजाडला. पलीकडच्या गल्लीत कानबाई बसली होती, तिकडून गाण्यांचा आवाज येत होता. घरात धुराचा, पुरणाचा, वेलचीचा वास. वर्षा नवं लुगडं नेसून पुरण वाटत होती, गोपालशी एक शब्द बोलत नव्हती, आणि तिची बॅग माळ्यावरून काढून पलंगावर ठेवलेली होती, सगळ्यांना दिसेल अशी. सरलाबाई कणीक मळून पोळपाटाशी बसल्या. आबा भिंतीला टेकून, नवं धोतर नेसून, पहिल्या पोळीची वाट बघत. त्यांना ऐकू येत नाही म्हणून या घराचा एक नेम आहे: जे बोलणं होईल ते त्यांच्या कानाशी पुन्हा एकदा ओरडून सांगायचं. गॅस किती दिवस टिकला, मालतीबाईंच्या नातवाला किती मार्क पडले, सगळं. आबांना काहीही चुकलेलं चालत नाही. गोपालनं आयुष्यात आवाज चढवला असेल तो तेवढ्याचसाठी.

सरलाबाईंनी हात पुढे केला. खिळ्यावर लाटणं नव्हतं. गोपालनं पहाटेच पिठात घातलं होतं. वर्षानं डब्याचं झाकण उघडलं, पिठात कोपरापर्यंत हात घातला, लाटणं बाहेर काढलं आणि ते तसंच हातात धरून, पीठ गळत असताना, सासूसमोर उभी राहिली. "आत्याबाई, आज कानबाईचा दिवस आहे. खरं सांगा. हे पिठात का राहतं? मी कुणाची रीत मोडत असेन तर पाया पडते. पण हे मला सांगत नाहीत, उठून जातात. चार महिने झाले, मी एका घरात राहते की धर्मशाळेत?" सरलाबाईंनी खाली बघितलं. कणकेचा गोळा वाकड्या मनगटाखाली दाबत राहिल्या. आणि आबा पुढे झुकले. "काय? काय म्हणी ऱ्हायनी ती?" आबांनी कानाला हात लावला. "अरे, जोरमा सांगा ना! काय म्हणी ऱ्हायनी वर्षा?"

गोपालचे पाय दाराकडे वळले होते. चपला तिथंच होत्या. पण वर्षानं त्याच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता, आता जाशील तर जा, एवढंच होतं. तो गेला नाही. तो आबांच्या जवळ गेला, गुडघे टेकून बसला, रोज मार्कांचं आणि गॅसचं सांगायचा तसंच त्यांच्या कानाशी तोंड नेलं, आणि ओरडला. "आबा! ती इचारस, लाटणं पिठात का ऱ्हास! तुम्ही मायले मारं, आबा! ह्याच लाटणानं मारं! तिना हात मोडना! म्हणून माय ते लपाडस! म्हणून!" शेवटचा शब्द ओरडताना आवाज फुटला, पोरासोरासारखा किरटा झाला. शेजारी मालतीबाईंचा टीव्ही बंद झाला. एका विटेच्या भिंतीपलीकडे अख्खी गल्ली कान देऊन उभी आहे हे गोपालला कळलं, आणि नवल म्हणजे त्याला लाज वाटली नाही.

आबा त्याच्याकडे बघत राहिले. डोळे पाणावले होते की म्हातारपणाचं पाणी होतं ते, सांगता येत नाही. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती आहे ते कळत नाही. ते नेहमीसारखेच मोठ्यानं बोलले. "हा. मारं मी. भलतं मारं." आणि मग तसंच मोठ्यानं, सरलाबाईंकडे बघून, "तुले ठाऊकच शे." हे काही माफी मागणं नव्हे. पण इतक्या वर्षांत या घरात हे वाक्य मोठ्यानं कुणी उच्चारलं नव्हतं, आणि ते आता छताला लागून उभं होतं. सरलाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं नाही. "त्यास्ले काय सांगस इतलं ओरडीसन," त्या गोपालला म्हणाल्या. "त्यास्ले तवय बी ऐकू ये नही. तवय तर कान धड व्हतात."

मग त्यांनी वर्षाच्या हातातलं लाटणं घेतलं, पदरानं पुसलं. "आणि लपाडं ते मी नही रे," त्या म्हणाल्या. गोपालला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "मी कसाले लपाडू? लाटणं नही ते मागना धोटा, धोटा नही ते काठी. मारणारले काय तोटा? लाटणं तू लपाडं. पाच वरीसना व्हता. मना हात गळामा बांधेल, अन तू एक दिवस डबामा खुपसी दिधं. रात्री उठीसन पिठात हात घालीसन देखे, शे का नही शे, मगच झोपे. नाहीतर झोपेच नही, थरथर कापे. मंग मी काय करू? रोज सैपाक व्हयना का पिठात ठेवी देऊ. तुले झोप लागो म्हणीसन." त्या बोलता बोलता हसल्या, तशाच, तोंडावर हात धरून. "पंचवीस वरीस व्हयनात. तू इतला मोठा व्हयना, मिशा उनी, नवरी उनी. मी म्हणू, अजून काढू का नको, काढू का नको. पोरगा घाबरी जाई."

गोपाल मायकडे बघत होता. पंचवीस वर्षं, दिवसातून दोनदा, त्या वाकड्या हातानं लाटणं पुसून पिठात खुपसायचं, वरून पीठ सारखं करायचं. आणि कुणी विचारलं तर सांगायचं, आमच्याकडे रीत आहे. त्याला वाटत होतं माय भीतीनं करते. तिची भीती कधीच संपली होती, की तिनं ती बाजूला ठेवली होती, ते तिचं तिला माहीत. ती त्याच्या झोपेसाठी करत होती. तो तिथंच जमिनीवर बसला आणि रडला. धड रडताही येईना, उचकीच लागली. वर्षा त्याच्याशेजारी येऊन बसली. तिनं फक्त त्याचे दोन्ही हात मांड्यांखालून ओढून काढले आणि स्वतःच्या मांडीवर ठेवले, पिठानं भरलेल्या हातांनी.

सरलाबाईंनी विचारलं, "आते लागी का रे झोप तुले?"

"लागी," गोपाल म्हणाला.

"मंग बास." त्यांनी लाटणं वर्षाकडे दिलं. "सैपाक व्हयना का टांगी दे वर. अन आते पोळ्या तूच लाट. मना हात दुखस." हात दुखतो, हेही त्या पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच म्हणत होत्या.

जेवणं झाली. रोटाची पोळी गोल, पातळ, शिरपुरी झाली होती. गोपालला परकी लागली, पण त्यानं तीन खाल्ल्या. आबा खालमानेनं जेवले, आणि जेवून झाल्यावर त्यांनी आपलं ताट स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी वाखाणलंही नाही. वर्षा लाटणं धुऊन खिळ्याला टांगत होती. चिंधीची गाठ बसवता बसवता तिची नजर गोपालच्या उष्ट्या ताटावर गेली, आणि इतक्या वेळ दाबून ठेवलेला तिचा आवाज एकदम सुटला. "आणि हे ताट कोण उचलणार? सासरे उचलतात अन तुम्ही बसलाय जहागीरदारासारखे! तुमचा काय नोकर आहे इथं?"

गोपालच्या पायांनी सवयीनं चपला शोधल्या. तळहात मांड्यांकडे निघाले. बॅग अजून पलंगावर होती, डोक्यावर खिळ्याला लाटणं डुलत होतं, आणि वर्षा कमरेवर हात ठेवून वाट बघत उभी होती. त्यानं पाय आत घेतले, मांडी घातली, दोन्ही हात वर काढून गुडघ्यांवर ठेवले. घसा खाकरला.

"नाही उचलत, जा!" तो मोठ्यानं म्हणाला. "काय करशील?"

"काय? काय म्हणी ऱ्हायना तो?" आबांनी विचारलं.

"नवरा-बायको भांडी ऱ्हायनात!" सरलाबाई त्यांच्या कानाशी ओरडल्या. वर्षानं पलंगावरची बॅग उचलली, माळ्यावर भिरकावली आणि पदर खोचून समोर येऊन बसली.